असला बाप असता, तर पळणं सोपं गेलं असतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही पुढचं समजेल. पटकथा माळशिरस तालुक्यातल्या ऊसपट्ट्यातली आहे. साखर कारखान्याचे संचालक असलेल्या आबासाहेबांची १९ वर्षांची मुलगी आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळीतला २० वर्षांचा मुलगा पळून जातात. आबासाहेब माणसं घेऊन मागे लागतात. वाचणाऱ्यांना पहिला भाग आवडतो, पण दोघं पळाल्यावर सगळं सैल पडतं. गाड्यांचे पाठलाग आणि मारामाऱ्या वाढवूनही भीती काही वाढत नाही. दोघं लग्नाच्या नोंदणीचा अर्ज करून ३० दिवस लपतात, हे घड्याळ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवट मृत्यूनंच करावा लागेल का, हेही.

पटकथा मी दोनदा वाचली. माझी स्वतःची या धंद्यात २२ वर्षं झाली. अलीकडची दहा तर दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यातच गेली, त्यामुळे आजार कुठं आहे हे आता लवकर दिसतं. तुमचा आजार पान १४ वर आहे. तिथं आबासाहेब पहिल्यांदा दिसतात, तेच मुळी एका मजुराला लाथ घालताना. त्यानंतर ते ओरडतात, ग्लास फोडतात, बायकोवर हात उगारतात. हा माणूस मारणार हे प्रेक्षकाला तिथंच कळून चुकतं. मग त्याच्यापुढं एकच प्रश्न उरतो, कधी? तेवढ्या एका प्रश्नावर दीड तास निघत नाही.

हीच चूक मी पहिल्या पटकथेत केली होती. त्यातला बापही मिशीला पीळ देणारा, डोळे लाल असलेला होता. वाचन झालं एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या हॉलमध्ये. ते संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई माझ्याकडं आल्या. त्यांनी स्वतः पळून जाऊन लग्न केलं होतं, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "दादा, असला बाप असता तर पळणं सोपं गेलं असतं. माझे वडील मला रोज सायकलवर बसवून शाळेला सोडायचे. पायात काटा मोडला तर रॉकेलच्या दिव्याजवळ बसून सुईनं काढायचे. त्याच माणसानं माझ्या नवऱ्याला मारायला माणसं पाठवली." ती पटकथा मी बाजूला ठेवली आणि नव्यानं लिहायला घेतली. तुम्हालाही मी तेच सुचवेन. पान १४ काढा आणि त्या जागी बाप मुलीवर जीव टाकतो असा एक प्रसंग घाला. तो इतका खरा हवा, की पुढं त्याचा राग आला तरी प्रेक्षकाला तो प्रसंग पुसता येऊ नये. बारावीच्या परीक्षेला केंद्राच्या गेटबाहेर उन्हात तीन तास उभा राहिलेला बाप चालेल. ती बाहेर आली की तो पेपर कसा गेला हे विचारत नाही, पाण्याची बाटली पुढं करतो. गाव त्याला आबासाहेब म्हणतं, ती पप्पा म्हणते. तो तिला बाळा म्हणतो. ही हाक लक्षात ठेवा, शेवटी ती लागणार आहे.

अशा बापाची भीती वेगळी असते, कारण तो तिला ओळखतो. तिला रात्री एकटीला झोप लागत नाही, ताप आला की ती आईला फोन करते, पैसे संपले तरी उधार मागणार नाही, हे सगळं त्याला माहीत असतं. शिकाऱ्याला जनावराच्या सवयी माहीत असाव्यात तसं. आणि तिलाही तो माहीत असतो. तो कुठल्या पोलीस पाटलाला फोन करेल, कुठल्या पाहुण्याला गाडी काढायला लावेल, किती वाजता त्याचा राग उतरतो, सगळं. थरार इथून येऊ द्या. दोघांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. कोणाला दुसऱ्याचं किती ठाऊक आहे, यात मोजा.

'सैराट'चं नाव तुम्ही पत्रात तीनदा घेतलंय, म्हणून त्याबद्दल एकच गोष्ट. २०१६ च्या त्या चित्रपटात मुलगी आईला फोन करते आणि मग माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन पाहुण्यासारखी घरी येतात, चहा होतो. मारेकरी दार फोडून आत शिरत नाहीत, त्यांना दार उघडून आत घेतलं जातं. तुम्ही त्यातलं पळणं घेतलंत, पण ते दार सोडून दिलंत.

आता दुसऱ्या भागाकडं येऊ. तुमच्या आबासाहेबांनी पाठलाग करायची गरजच काय? मुलाचे आईवडील त्यांच्याच फडात कोयता चालवतायत. मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल अजून फिटलेली नाही, म्हणजे टोळी सोडून त्यांना रात्रीतून निघता येत नाही. एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा लागतो, तो मुकादमाच्या वहीत मांडला जातो आणि पैसे कापले जातात. अशा माणसांचा मुलगा संचालकाच्या मुलीला घेऊन गेला, की संचालक जागचा हलत नाही. मुलाच्या बापाला तो वाड्यावर बोलावतो आणि ओट्याच्या खाली, अंगणात बसवतो. चहा देतो. दिवसभर बसवून ठेवतो. मारत नाही. संध्याकाळी म्हणतो, "उद्या परत या." हे आठ दिवस चालतं. त्या आठ दिवसांत मुलगा एकदा फोन करतो आणि फोनवर बाप म्हणतो, "आम्ही बरे आहोत." मागून चमचा कपाला लागल्याचा आवाज येतो. कपबशीतला चहा, म्हणजे बाप कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीत नाही, वाड्यावर आहे, हे मुलाला लगेच कळतं. तुमच्या दोन जीपगाड्यांच्या पाठलागापेक्षा हा प्रसंग मला जास्त भीतीदायक वाटतो, आणि खर्च एका फोनचा.

गावातून बाहेर पडण्याचा प्रसंगही बदला. तुम्ही दोघांना पहाटेच्या मुक्कामी एसटीनं नेलंय. मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच झोपतात, गावातच जेवतात. पहिल्या थांब्यावर कोण चढलं हे सूर्य उगवायच्या आत गावाला कळतं. पळणारी पोरं ती गाडी टाळतात. दुधाची गाडी जास्त खरी वाटेल, चार-साडेचारला डेअरीवरून निघणारी, कॅनच्या मागं जागा असलेली. त्यानंतर कुर्डुवाडी जंक्शन. तिथून पुणं, सोलापूर, लातूर, मिरज अशा चारी दिशा फुटतात, आणि तिकीट कुठलं काढायचं यावर दोघांचं पहिलं भांडण होऊ शकतं. रात्रीचं शिवारही तुम्ही रिकामं दाखवलंय. उसाच्या पट्ट्यात रात्र रिकामी नसते. शेतीची लाईट कित्येकदा रात्रीच येते. ती आली की मोटारी सुरू होतात आणि माणसं बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला बाहेर पडतात. दोघं बांधावरून चालली आहेत, सगळीकडं अंधार आहे, आणि एकदम चारी बाजूंनी मोटारींचा आवाज सुरू होतो. लाईट आली. आता प्रत्येक वावरात एक बॅटरी हलणार.

ऊस हे तुमचं सगळ्यात मोठं पात्र आहे आणि तुम्ही त्याला पडद्यासारखं मागं टांगून ठेवलंय. आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष वाढलेला ऊस तोडणीच्या वेळी दहा-बारा फूट उंच झालेला असतो. आत शिरलं की पाच फुटांवरचं माणूस दिसत नाही, पण पाचट, वाळलेली पानं वाजतात, त्यामुळं आवाज न करता हलता येत नाही. पात्याची धार हाताला, गालाला चिरते. पानांवरची बारीक कूस टोचते, दोन दिवस अंग खाजत राहतं. शहरातल्या प्रेक्षकाला ऊस म्हणजे हिरवं रान वाटतं, गावच्या माणसाला हे सगळं अंगावर आठवतं. आणि आता थरारपटासाठी खरी गोष्ट: हंगाम सुरू झाला की लपायची जागा रोज कमी होत जाते. एका जोडीनं दिवसाला दोन-तीन टन ऊस पडतो. दहा-बारा कोयत्यांची, म्हणजे तेवढ्या जोड्यांची टोळी एक एकर दोन-तीन दिवसांत मोकळं करते. कुठला प्लॉट कधी तोडायचा हे कारखान्याच्या शेतकी खात्याकडून ठरतं, कारखान्याचा स्लिपबॉय तोडीची नोंद ठेवायला वही घेऊन बांधावर येतो. म्हणजे मुलीच्या बापाला शोधायला जायचं कारणच नाही. तोडीचा कार्यक्रम बदलायला लावला की झालं. अमुक गटातला ऊस आधी तोडा, एवढाच फोन. दोघं ज्या फडात दडली आहेत त्याच्या कडा सकाळपासून खाली पडताना दिसतायत, आणि कोयता चालवणारा मुलाचा सख्खा बाप आहे.

ऊसतोडीच्या धंद्यातला एक शब्द तुम्ही वापरला आहे, पण त्याचं सोनं केलं नाहीत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल जोडीवर मिळते, त्यामुळे जोडी लवकर व्हावी म्हणून लग्नंही लवकर लावली जातात. म्हणजे या मुलाच्या जगात लग्न हे कामाचं माप आहे, मुलीच्या जगात ते इभ्रतीचं. तुमच्या दोघांना लपायला पुण्यातल्या खोलीपेक्षा सीमेपलीकडच्या टोळीत पाठवा. बेळगाव, बागलकोट भागातल्या कारखान्यांवर मराठवाड्यातल्या टोळ्या जातात. मुलाचा मामा तिथं मुकादम आहे, तो दोघांना एक कोयता म्हणून वहीत लिहून घेतो. लपण्याची जागा म्हणजे पहाटे चारला उठून ऊस तोडणं. आबासाहेबांच्या मुलीनं आयुष्यात कोयता धरलेला नाही. पहिल्या दिवशी तिच्या तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी ते फुटतात. टोळीतल्या बायका काही बोलत नाहीत, फक्त तिच्या हातांकडं बघतात. एक म्हातारी मोळी बांधताना हळूच विचारते, "कुणाची गं तू?" ज्या उसावर तिच्या बापाची बंगला-गाडी उभी आहे तो ऊस कसा तुटतो, हे ती पहिल्यांदा शिकते. इथं प्रेमकथा आणि थरार एकत्र येतात, कारण आता तिला पकडून देणारी गोष्ट तिचे स्वतःचे हात आहेत.

तिथं तुम्हाला जातही टाळता येणार नाही. तुमच्या पूर्ण पटकथेत जातीचं नाव एकदाही येत नाही, आणि मला ते खटकलं. खोली मागायला गेलं, काम मागायला गेलं, देवळाच्या धर्मशाळेत गेलं, तरी पहिला प्रश्न आडनावाचा असतो. प्रत्येक ठिकाणी या दोघांना आडनाव सांगावं लागणार, आणि प्रत्येक खोटं आडनाव पुढच्या गावात त्यांना अडकवणार. मुलगा अनुसूचित जातीचा ठेवलात तर कायद्यानं कथाही बदलते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं जातो, म्हणजे बापाच्या ओळखीचा ठाण्यातला फौजदार पुरत नाही. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवा.

३० दिवसांच्या घड्याळाबद्दल. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि हरकतीसाठी ३० दिवस असतात, हे बरोबर आहे. अर्ज करण्यापूर्वी दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, हे तुम्ही विसरलात. आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही लावायला पाठवली जाते, हेही. दोघं पुण्यात दडली आहेत आणि त्यांची नावं सोलापुरात फलकावर आहेत, याहून भयंकर काय असेल? पण तुमच्या कथेत दोघंही हिंदू आहेत. त्यांना हा रस्ता धरायची सक्ती नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं विधी करून त्याच दिवशी लग्न होतं, नोंदणी नंतर. कुठलाही वकील त्यांना तेच सांगेल, आणि प्रेक्षकातली निम्मी माणसं म्हणतील, अरे आळंदीला का जात नाहीत? मुलगा दुसऱ्या धर्माचा करणार असाल तर हे घड्याळ ठेवा. नाहीतर काढा.

मात्र तुमच्या हातात याहून चांगलं घड्याळ पडून आहे आणि तुम्ही त्याकडं पुन्हा पाहिलेलं नाही. मुलगा २० वर्षांचा आहे. मुलीला १८ पूर्ण लागतात, मुलाला २१. म्हणजे आज ती सज्ञान आहे, तिला कुणाबरोबर कुठं राहायचं ते ठरवता येतं, पण लग्न मात्र त्याचा एकविसावा वाढदिवस येईपर्यंत होऊ शकत नाही. मुलगा २१ चा नसला तरी दोघं सज्ञान असतील तर एकत्र राहू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सांगितलंय. पण हे गावाला कोण समजावणार? त्या मधल्या दिवसांत तिला गावाच्या भाषेत काहीच नाव नाही, ती बायको नाही आणि पळवलेलीही नाही. मुलाला २१ पूर्ण व्हायला १९ दिवस बाकी ठेवा. सुरुवात दिवाळीनंतर लगेच, कार्तिकी एकादशीच्या चार-पाच दिवस आधी. पंढरपूरला माणसांचा पूर लोटतोय, कारखान्यांची धुराडी पेटायला लागलीत, टोळ्या उतरल्यात. आणि पंधरा दिवसांनी कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा.

आळंदी इथं मुद्दाम घेतोय. राज्यभरातली पळालेली जोडपी लग्नासाठी आळंदीला जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मंगल कार्यालयं, भटजी, साक्षीदार, फोटोवाला, सगळं तिथं मिळतं. पण ज्या माउलींच्या गावात ही लग्नं लागतात, त्यांच्या आईवडिलांना समाजानं वाळीत टाकलं होतं आणि परंपरा सांगते की मुलांना तरी स्वीकारावं म्हणून त्या दोघांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. ही गोष्ट तुमच्या चित्रपटात कुणी बोलून दाखवू नये. एखाद्या कीर्तनाचा तुकडा मागं ऐकू आला तरी पुरे. शिवाय यात्रेच्या वेळी आळंदीत तुमच्या गावचीही दिंडी असणार. म्हणजे दोघं जिथं लग्नाला पोचतात, तिथं अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत, टाळ घेऊन आधीच आलेलं आहे. प्रत्येक जण दुसऱ्याला माउली म्हणून पाया पडतोय. त्या गर्दीत बाप कुठला?

मोबाईलचं तुम्ही फारच सोपं केलंय. सिम काढून नदीत टाकलं आणि प्रश्न मिटला, असं होत नाही. गावाकडच्या बऱ्याच मुलींच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. बँकेचं खातं ती लहान असताना उघडलेलं, त्यालाही तोच नंबर. तिनं कुठंही ओळख पटवायला आधार दिलं आणि ओटीपी मागवला, की तो आबासाहेबांच्या खिशात वाजणार. एटीएममधून पाचशे रुपये काढले की मेसेज त्यांना. सहा आकडे स्क्रीनवर उमटतात आणि जेवणाच्या ताटावर बसलेला बाप घास खाली ठेवतो. मुलगी जिवंत आहे, या आनंदानं त्याचा चेहरा आधी उजळतो. हा क्षण चुकवू नका. त्यानंतर तो फोन उचलतो आणि कुणाला तरी ते आकडे वाचून दाखवतो.

ज्या प्रसंगावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली असती, तो तुमच्याकडं दीड पानात उरकलाय. पोलीस ठाण्यातला जबाब. मुलगी हरवल्याची तक्रार झालेली असते, कुठं कुठं अपहरणाचाही गुन्हा नोंदवायला लावतात. म्हणून अशी जोडपी वकिलाच्या सल्ल्यानं स्वतःच ठाण्यात जातात. मुलगी सज्ञान आहे, मी माझ्या मर्जीनं गेले, असं तिनं लिहून दिलं की तक्रारीतला दम संपतो. कागदावर हे दहा मिनिटांचं काम आहे. खऱ्यात तिच्या घरच्यांना बोलावलं जातं, ते येईपर्यंत चार-पाच तास जातात, आणि एका बाकावर ती, समोरच्या बाकावर आई. मी असे प्रसंग लिहिण्यापूर्वी ठाण्यांच्या व्हरांड्यात बरेच दिवस काढलेत. तिथं आरडाओरडा कमी असतो. आई डबा घेऊन आलेली असते. "खाल्लंस का काही?" असं विचारते. मामा म्हणतो, घरी चल, आठ दिवसांनी आम्हीच थाटात लावून देतो. धाकटा भाऊ तिच्याकडं बघतच नाही, चपलेनं फरशी घासत राहतो. बाप काहीच बोलत नाही. तो फक्त तिच्या हातांवरचे फोड बघतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. हे पाणी खरं असलं पाहिजे, लिहिणाऱ्यालाही ते खरं वाटलं पाहिजे. हवालदार विचारतो, "बोला ताई, कुणाबरोबर जायचंय?" ज्या मुली 'आईबरोबर' म्हणतात त्यांतल्या काही पुढं दिसत नाहीत, हे हवालदाराला माहीत आहे, बाहेर थांबलेल्या मुलालाही माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तरी तिला डब्याच्या वासानं रडू येतं. माझ्या मते तुमच्या चित्रपटाचा मध्य इथं आहे, आणि इथं एकही हत्यार दिसायला नको.

पोलीस म्हणजे बापाचे नोकर, एवढंच दाखवून थांबू नका. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलं होतं की सज्ञान व्यक्ती आपल्या मर्जीनं लग्न करू शकते आणि अशा जोडप्यांना त्रास होऊ नये हे पोलिसांनी पाहावं. मार्च २०१८ च्या निकालात तर जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष, २४ तासांची मदतवाहिनी, सुरक्षित निवारा हे सगळं करायला सांगितलं. एखादी महिला पोलीस उपनिरीक्षक हे सगळं तोंडपाठ असलेली आणि मनापासून मदत करणारी ठेवा. तिच्या मदतीला कुठं सीमा पडते, ते दाखवा. हरियाणातल्या कैथल जिल्ह्यातल्या एका जोडप्याला २००७ मध्ये न्यायालयानं पोलीस संरक्षण दिलं होतं. सोबतचे पोलीस वाटेत परत गेले, बसमधून दोघांना उतरवलं गेलं, मग कालव्यात मृतदेह सापडले. २०१० मध्ये कर्नालच्या न्यायालयानं पाच जणांना फाशी सुनावली, वरच्या न्यायालयात ती टिकली नाही. या प्रकरणातली मला न विसरता येणारी गोष्ट म्हणजे पोलीस परत गेले तो क्षण. हद्द संपली, ड्युटी संपली, जीप वळली. तुमच्या उपनिरीक्षक बाईंची जीपही अशीच कुठंतरी वळणार. तिला ते मनातून नको असणार, पण वळणार.

भावकीला दोन प्रसंगांपेक्षा जास्त देऊ नका, पण ते दोन नेमके असू देत. बाप एकटा असता तर कदाचित महिन्याभरात विरघळला असता. चुलत भाऊ संध्याकाळी येऊन ओट्यावर बसतात, कुणी काही म्हणत नाही, तंबाखू मळत राहतात. कारखान्याच्या मीटिंगमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. दुसऱ्या मुलीचं ठरत आलेलं स्थळ फोनवर "जरा थांबू" म्हणतं. हे सगळं त्याच्या आतल्या बापाला कसं मागं ढकलतं, तेवढं दिसलं पाहिजे. आईच्या बाबतीत मात्र कंजूषी नको. तुमची आई फक्त रडते. मुलीचे दागिने, दाखला आणि दोन हजार रुपये पिशवीत घालून दुधाच्या गाडीपर्यंत पोचवणारी आईच असू शकते. आणि ठाण्यात डबा घेऊन येऊन 'घरी चल' म्हणणारीही तीच. दोन्ही वेळा ती मनापासूनच वागत असते, आणि असं होतं, मी पाहिलंय.

राहिला शेवट. मृत्यू दाखवलाच पाहिजे असा काही नियम नाही. वास्तव म्हणून मृत्यू, असं तुम्ही लिहिलंय, पण अशी किती तरी जोडपी जिवंत आहेत, संसार करतायत. फक्त दारावर थाप पडली की आधी खिडकीतून बघतात. गावचा नंबर मोबाईलवर दिसला की उचलायच्या आधी एकमेकांकडं बघतात. त्यांच्या घरात मी जेवलोय. एका घरात सहा वर्षांची मुलगी होती, तिला आजोळ हा शब्द माहीत नव्हता. हेही वास्तवच आहे आणि पडद्यावर फारसं आलेलं नाही. पण मारायचं किंवा जगवायचं हे आधी ठरवून त्या दिशेनं कथा ओढू नका. शेवटचा निर्णय मुलीचा असू द्या आणि तो तिनं सगळं कळत असताना घ्यावा. तुमच्या शेवटच्या तीस पानांत ती फक्त ओढली जाते. एका बाजूनं नायक ओढतो, दुसऱ्या बाजूनं बाप.

माझ्या डोळ्यांसमोर आळंदीचा घाट येतो. इंद्रायणीच्या पायऱ्यांवर वारकऱ्यांची दाटी. लग्न दोन तासांवर आलंय. मुलगा साक्षीदाराला शोधायला गेलाय, ती एकटी गर्दीत उभी आहे. टाळांचा आवाज इतका आहे की काही ऐकू येत नाही. आणि तरीही तिला ऐकू येतं, "बाळा." पहिल्या भागात ही हाक आपण तीन वेळा ऐकलेली असेल, परीक्षा केंद्राच्या गेटवर, जेवायच्या वेळी, आणि ती तापानं फणफणलेली असताना. तिन्ही वेळा तिची मान आपोआप वळलेली असेल. आता कॅमेरा तिच्या मानेवर ठेवा. बाप किती लांब आहे, त्याच्याबरोबर कोण आहे, त्याच्या शबनममध्ये काय आहे, यातलं काही दाखवू नका. ती वळते की पाण्याकडंच बघत राहते, एवढं लिहा आणि मला पाठवा. ते पान बसलं, की मागची साठ पानं कशी बदलायची ते तुम्हाला विचारावं लागणार नाही.